डूख नाही ताई, हाताला उंदराचा वास होता

या वेळचं पत्र टेक्ससमधल्या प्लेनोहून एका आईचं आहे. मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा ऑगस्टमध्ये ऑस्टिनला कॉलेजला गेला, डॉर्मवर साप ठेवू देत नाहीत, त्यामुळे त्याचा ५ वर्षांचा बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या कुळातला एक लहान साप, घरीच राहिला. नाव लाडू, कारण घाबरला की डोकं आत घालून गोल होऊन बसतो. घर शाकाहारी, फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या पिशवीशेजारी गोठवलेल्या उंदरांची पिशवी. ताईंनी दोनदा भीतभीत खायला घातलं, निभावलं. तिसऱ्या वेळी उंदीर पाण्याच्या भांड्यामागे पडला, लाडूला सापडेना म्हणून हाताने सरकवायला गेल्या आणि त्याने हातच पकडला, मनगटाला वेटोळं घातलं, मिस्टरांनी ओढून काढला, रक्त आलं. त्याला ३ आठवडे झाले, तेव्हापासून टँक उघडलेलाच नाही. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणतात की सापाने डूख धरलाय, आता तो तुला सोडणार नाही, देऊन टाका. मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. ताई विचारतात, परत न चावता खायला कसं घालू, टँक साफ करायला त्याला बाहेर कसं काढू, आणि त्याला खरंच माझा राग आला असेल का.

ताई, आधी एक काम करा आणि मग पुढचं वाचा. त्याचं पाणी बदला. ३ आठवडे न खाता मोठ्या बॉल पायथनला काहीही होत नाही, थंडीत ते कधीकधी स्वतःहून दोन-तीन महिने खात नाहीत, पण पाणी लागतंच. दुपारी करा, कारण हा प्राणी दिवसा झोपतो आणि रात्री हिंडतो. दुपारी तो त्याच्या लपायच्या डब्यात असेल, त्या डब्याच्या तोंडासमोर एक जाडसा पुठ्ठा उभा धरा, हात साबणाने धुतलेले असू देत, आणि दुसऱ्या हाताने भांडं उचला, धुवा, भरून परत ठेवा. एका मिनिटाचं काम आहे. मिस्टरांना पुठ्ठा धरायला सांगितलं तर अजूनच सोपं.

झालं? आता डूख धरण्याचं बोलू. मी साताऱ्याकडची, माझ्याही घरी हेच ऐकत मोठी झाले, नागाला मारलं तर नागीण बदला घ्यायला येते वगैरे. सासूबाईंना खोटं पाडू नका, त्यांनी आयुष्यभर विषारी सापांच्या मुलखात शेतात पाय ठेवलाय, त्यांची भीती कमावलेली आहे. पण राग धरून ठेवणं, माणूस ओळखून त्याचा सूड घेणं हे सापाच्या डोक्यात बसतच नाही. साप शिकतो मात्र. वास शिकतो, ऊब ओळखतो, आणि कशानंतर काय होतं याची सवय लागते त्याला. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं ते मी तीनदा वाचलं, "मुलगा रोज संध्याकाळी त्याला बाहेर काढून अंगावर खेळवायचा, मी फक्त खायला घालायलाच उघडते." इथेच सगळं आहे बघा. मुलगा होता तेव्हा झाकण उघडलं की दहातल्या नऊ वेळा उबदार हात यायचे, खाणं नाही. ऑगस्टनंतर झाकण उघडलं की दर वेळी उंदीर. दोन वेळा झाकण, दोन वेळा उंदीर, तिसऱ्या वेळी तो झाकण सरकल्याच्या आवाजालाच तयार होऊन बसला होता.

आणि दुसरी गोष्ट, तुम्ही लिहिलंय की उंदीर फ्रीजरमधून काढून दोन तास बाहेर ठेवला, नरम झाला, मग शेपटीला धरून टाकला. म्हणजे उंदीर नरम होता पण गार होता. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खड्ड्यांची ओळ असते, जवळून बघितली तर दिसते, त्या खड्ड्यांनी त्याला उष्णता कळते. अंधारात, बिळात, डोळ्यांनी काहीच दिसत नसताना कुठे गरम रक्ताचा प्राणी आहे ते त्याला त्यावरून समजतं. हे साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले, घाना, टोगो, बेनिन तिकडचे, उंदीर-घुशींच्या बिळांत राहतात, तिथे हेच इंद्रिय कामाचं. आता त्याच्या बाजूने बघा, टँकभर उंदराचा वास सुटलाय, पण उंदीर म्हणून जे पडलंय ते गार दगडासारखं, आणि तेवढ्यात वरून एक गरम, हलणारी, उंदराच्याच वासाची वस्तू आत आली. त्याने तुमच्यावर हल्ला केलाच नाही ताई, त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे उंदीर पकडला. धरून ठेवलं आणि वेटोळं घातलं हीच त्याची खूण. साप घाबरून चावतो तेव्हा टचकन मारतो आणि लगेच सोडतो, बहुतेक वेळा कळतही नाही इतकं पटकन. धरून वेटोळं घालतो तेव्हा ते जेवण असतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक नेमका इथेच घोळ करतात, भुकेच्या चाव्यावर "त्याला माझी सवय नाही" म्हणून जास्त हाताळतात किंवा भीतीच्या चाव्यावर "भुकेला असेल" म्हणून जास्त खायला घालतात.

तर खायला घालायचं कसं. आदल्या रात्री उंदीर झिपलॉकमध्ये घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे सावकाश वितळेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळाचं चांगलं गरम पाणी एका वेगळ्या बादलीत घेऊन पिशवीसकट पंधरा-वीस मिनिटं बुडवा, पाणी गार झालं की बदला. उकळतं पाणी नको, त्याने उंदीर शिजतो आणि पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही, तो शिजवतो पण आत गार ठेवतो, शिवाय तुमचा मायक्रोवेव्ह जेवणाचा आहे. बाहेरून साधारण १०० फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या आसपास लागला पाहिजे, डोक्याकडे थोडा जास्तच. कपाळावर धरायची ती थर्मामीटर गन नाही, स्वयंपाकाच्या तव्याचं तापमान बघायची स्वस्त गन मिळते ती घ्या, टँकच्या गरम कोपऱ्याचं तापमान बघायलाही तीच लागते. पुसून कोरडा करा. एवढं केलं की टँकमधली सगळ्यात गरम वस्तू उंदीर असेल, तुमचा हात नाही. माझ्या मते अर्धे चावे नुसत्या याने टळतील.

शाकाहारी घरात हे करणं किती जड जातं ते मला माहितीये. माझ्या आईने माझ्याकडे आल्यावर ४ दिवस फ्रिज उघडला नव्हता. गॅरेजमध्ये छोटा फ्रीजर मिळाला तर तो घ्या, नाही तर बंद स्टीलचा डबा, डब्यावर नाव, आणि बादली, चिमटा, हातमोजे सगळं वेगळं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काहीही धुवायचं नाही. हे फक्त सोवळ्यासाठी नाही, सापांच्या आणि त्या उंदरांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, ज्याने जुलाब-ताप येतो. ५ वर्षांखालच्या मुलांनी साप हाताळू नये असं अमेरिकेतली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते, सासूबाई राहायला आल्या तर त्यांच्याही वयाला ते लागू आहे. बाकी दूध-अंडं-पनीर असला प्रयोग कोणी सुचवला तर करू नका. साप दूध पीत नाही, नागपंचमीला तहानेने तडफडणारा नाग समोर जे पातळ येईल ते घोटतो आणि बऱ्याचदा त्यानेच मरतो. लाडूला अख्खा उंदीर हाडांसकट लागतो, त्यातूनच त्याला कॅल्शियम मिळतं.

चिमटा लांब घ्या, १६-१८ इंचांचा. किटमध्ये येतात ते टीचभर चिमटे ड्रॉवरमध्ये टाकून द्या, तुमची बोटं लाडूच्या झेपेबाहेर राहिली पाहिजेत. उंदराला चिमट्याने खांद्यांच्या मागे पाठीवर पकडायचं, म्हणजे डोकं सापाकडे येतं. शेपटीला धरून लोंबकळवला की तो गोल फिरतो, सापाचा नेम चुकतो आणि चुकलेला नेम कुठे जातो ते तुम्ही बघितलंच आहे. खोलीतले दिवे मंद, टीव्ही बंद, आजूबाजूला कोणी चालू नका. झाकण उघडायच्या आधी हात साबणाने धुवून पुसून घ्या, आणि उंदीर गरम करायचं काम मिस्टरांकडे द्या, म्हणजे तुमच्या हाताला वासच लागणार नाही. उंदीर त्याच्या डब्याच्या तोंडापासून पाच-सहा इंचांवर धरा, किंचित हलवा, थांबा. तो जीभ काढत येईल, मानेचा इंग्रजी एससारखा बाक होईल, एकदम स्थिर होईल, मग झटका. झटका बसला की चिमटा लगेच सोडा, ओढू नका, तो वेटोळं घालेल, मग दहा मिनिटं काहीच करणार नाही असं वाटेल, मग उंदराचं डोकं शोधत बसेल. या सगळ्यात आपलं काम फक्त झाकण लावून दूर जाणं. उंदीर पडला, बाजूला गेला, भांड्यात पडला, काहीही झालं तरी चिमट्यानेच उचलायचा. हात आत जात नाही. अंधारात तो वासावर शोधून काढतो, रात्रभर राहू द्या, सकाळी तसाच असेल तर चिमट्याने काढून फेकून द्या, परत गोठवू नका.

जिवंत उंदीर घाला, त्याला मजा येते, असं दुकानात कोणी म्हणालं तर ऐकू नका. भूक नसलेल्या सापाशेजारी जिवंत उंदीर सोडला की तो सापाला कुरतडतो, पाठीची हाडं उघडी पडलेले पायथन मी स्वतः बघितलेत.

किती आणि कधी, हे मुलाला विचारलंत तर तो सांगेलच. तुम्ही वजन १४०० ग्रॅम लिहिलंय, त्या वजनाच्या नराला ७० ग्रॅमच्या आसपासचा एक उंदीर दोन-तीन आठवड्यांनी पुष्कळ झाला. जाडी बघायची तर उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, त्याहून जाड नको. दर आठवड्याला घालून जाडा केलेला साप कमी चावतो हा गैरसमज आहे. वजनाचा काटा वेगळा ठेवा, महिन्यातून एकदा वजन लिहा. थंडीत नाही खाल्लं आणि वजन तसंच आहे तर काळजी करू नका, सारखं सारखं टँक उघडून उंदीर नाचवत बसू नका, त्याने सवय बिघडते.

आता तुम्हाला कोणी ना कोणी हे सांगणारच, की टँकमध्ये खायला घालू नका, वेगळ्या डब्यात घाला, नाहीतर तो हाताला खाणं समजतो. मीही सुरुवातीची २ वर्षं तेच केलं. पण विचार करा, भुकेल्या सापाला हाताने उचलून डब्यात ठेवायचं, आणि मग पोटात अख्खा उंदीर असलेल्या, अजून शिकारीच्याच धुंदीत असलेल्या सापाला परत हाताने उचलून टँकमध्ये ठेवायचं. चावायच्या दोन सगळ्यात चांगल्या संधी आपणच त्याला देतो, वर हलवाहलवीत तो खाल्लेलं ओकून टाकू शकतो. टँकमध्येच घाला. हात म्हणजे खाणं नाही हे त्याला वेगळ्या मार्गाने शिकवायचं, आणि तो मार्ग फार सोपा आहे.

पेपर टॉवेल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी राहते ना, ती ठेवा. ज्या दिवशी हाताळायचंय त्या दिवशी झाकण उघडून आधी हात नाही, ती नळी आत जाते, आणि तिने सापाच्या अंगाच्या मधल्या भागावर हलकेच दोन-तीनदा स्पर्श करायचा, ढोसायचं नाही, दार वाजवल्यासारखं. उंदीर कधी असा स्पर्श करत नाही. काही वेळातच त्याला कळतं, नळी लागली म्हणजे आज खाणं नाही, आज बाहेर जायचंय. मान आखडून बसलेला असेल तर मान सैल सोडतो, जीभ सावकाश बाहेर काढायला लागतो. मग नळी बाजूला आणि हात आत. आणि खायला घालायच्या दिवशी नळी नाही, स्पर्श नाही, फक्त चिमटा. एक नियम कायम पाळायचा, या दोन गोष्टी एकत्र करायच्या नाहीत. मुलगा कदाचित हे न कळत करत असेल, रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने, त्याच्या हातांचा वास ठरलेला. तो गेल्यावर लाडूसाठी सगळ्या खुणा पुसल्या गेल्या, आता तुम्हाला नवीन खुणा द्यायच्यात.

पहिला आठवडा उचलूच नका. रोज संध्याकाळी झाकण उघडा, नळीने स्पर्श करा, हात शांतपणे टँकमध्ये तळाला ठेवा, तो येऊन जीभ लावेल किंवा लावणार नाही, दोन मिनिटांनी हात काढा, झाकण लावा. झाकण उघडलं आणि उंदीर आला नाही, असे सात-आठ दिवस गेले पाहिजेत. हे मला उचलण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. भीती वाटली तर बागकामाचे पातळ मोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, त्यात काही कमीपणा नाही, थरथरणाऱ्या हातापेक्षा मोज्यातला स्थिर हात सापाला बरा. फक्त जाड चामडी मोजे नकोत, त्यात आपण किती जोरात दाबतोय ते कळत नाही.

उचलताना वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही, जंगलात वरून येतो तो ससाणा. बाजूने, खालून. एक हात मानेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, दुसरा मागच्या जाड भागाखाली, आणि उचला. पकडायचं नाही, आधार द्यायचा, तो पुढे सरकला की पुढे दुसरा हात द्यायचा, नदीत चालताना पुढचा दगड शोधतो तसं. डोकं धरायचं नाही, शेपटीला धरून उचलायचं नाही. खाली जमिनीवर किंवा पलंगावर बसून करा, म्हणजे पडला तर त्याला लागणार नाही. चेहऱ्याजवळ नको. गळ्यात घालून फोटो तर मुलालाही काढू देऊ नका. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा, आठवड्यातून दोन-तीनदा बास. त्याला प्रेम लागत नाही आपलं, त्याला आपली भीती वाटत नाही एवढंच आपण मिळवू शकतो, आणि मला विचाराल तर ते पुष्कळ आहे.

कधी हात लावायचा नाही तेही सांगते. खाल्ल्यानंतर निदान ४८ तास, मी ३ दिवस ठेवते. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही, चिडचिडा असतो, तेव्हा कात पडेपर्यंत राहू द्या. आणि झाकण उघडल्यावर तो डब्याच्या तोंडाशी मान बाकवून, जीभ थांबवून, तुमच्या हाताकडे रोखून बसला असेल तर झाकण लावा आणि उद्या या. हे घाबरट माघार घेणं नाही, त्याने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. गोल लाडू होऊन बसला असेल तर तो घाबरलेला आहे, तो बहुधा चावणार नाही, पण तरी तेव्हा उकलायला जाऊ नका.

मुलगा गेल्यापासून टँकचं तापमान कोण बघतंय हे तुम्ही लिहिलं नाहीये. गरम कोपरा ८८ ते ९२ फॅरनहाइट, गार बाजू ७६ ते ८०, दोन्हीकडे एकेक लपायचा डबा, आणि हीटर थर्मोस्टॅटवर. सतत गार पडलेला किंवा लपायला जागा नसलेला साप बावरलेला राहतो, आणि बावरलेला साप चावतो. त्यावर जास्त लिहीत नाही, मुलगा एका फोनमध्ये समजावेल.

इतकं करूनही चावला तर? ओढायचं नाही. याचं दुःख मला स्वतःला आहे म्हणून जोर देऊन सांगते. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ऑफिसला जायच्या घाईत मी छोट्या चिमट्याने खायला घालत होते, माझ्या मादीने अंगठा पकडला आणि मी हात झटकन मागे ओढला. पायथनचे दात मागे वळलेले असतात, गळासारखे, आत जातात सहज पण उलटे ओढले की फाडतात. माझा अंगठा फाटला तो आठवड्यात भरला. तिचे दोन दात माझ्या मांसात तुटले, हिरडी सुजली, पू झाला, आणि पुढे महिनाभर तिला व्हेटकडे नेऊन अँटिबायोटिकची इंजेक्शनं द्यावी लागली. चूक माझी होती, भोगलं तिने. तेव्हा मिस्टरांनी लाडूला ओढून काढलाय म्हणून त्याचं तोंड एकदा बघायला हवं, टँकच्या काचेतूनच बघा, ओठाशी सूज, लाळेचे बुडबुडे, तोंड नीट न मिटणं असं काही दिसलं तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या. आणि हो, त्याने पुढच्या वेळी खायला नकार दिला तर त्यामागे हेही असू शकतं.

पकडलं तर हात स्थिर ठेवा, बहुतेक वेळा खाणं नाही हे कळलं की तो स्वतः सोडतो. नाही सोडलं तर त्याच्या डोक्यावर गार पाण्याची धार सोडा, किंवा हँड सॅनिटायझरचा एखादा थेंब तोंडाच्या कडेला लावा. वेटोळं शेपटीकडून सोडवत या, मानेकडून नाही. डोकं सोडवताना मागे न खेचता आधी किंचित पुढे, चाव्याच्या दिशेने ढकलायचं, मग दात गळासारखे सुटतात. बॉल पायथनला विष नसतं. जखम साबण-पाण्याने भरपूर धुवा, दाबून धरा, अँटिसेप्टिक लावा, कुसळासारखा दात राहिलाय का बघा. तुम्हाला ३ आठवडे झालेत, अजूनही जखमेवर दाबल्यावर टोचत असेल किंवा लाल असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही विचारा.

एका गोष्टीची मला तुमच्या मुलासाठी काळजी वाटते. तुम्ही लिहिलंय तो डिसेंबरमध्ये सांगलीला आजीकडे जाणार आहे. पायथन अंगावर खेळवणाऱ्या मुलाचा हात सापाकडे सहज जातो. आपल्याकडे घोणस अजगराचं पिल्लू समजून उचलल्याने माणसं दगावतात. दोघांच्याही अंगावर तपकिरी ठिपके, दोघेही जाड आणि सुस्त. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या ओळी असतात, डोकं त्रिकोणी, आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते, पण उसाच्या सरीत संध्याकाळी हे ओळखत बसायची गरजच नाही, कोणताही साप उचलायचा नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, त्यात सगळ्यात जास्त गावाकडची. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात-पाय न हलवता १०८ ला फोन किंवा सरळ सरकारी दवाखाना, प्रतिविष तिथे मिळतं. आणि तिकडचा साप, अगदी साधी धामण किंवा मांडूळ, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा. पुण्या-मुंबईहून बॉल पायथन पाळू का म्हणून विचारणाऱ्यांनाही जाता जाता सांगते, परदेशी असला तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर नोंदणी करावी लागते, कागद नसलेला साप घेऊ नका.

देऊन टाकायचं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तुम्हाला नकोच असेल तर त्यात पाप नाही, पण ते मुलाशी बोलून, आणि एखाद्या रेप्टाइल रेस्क्यूकडे. बाहेर सोडून देणं नाही, टेक्ससच्या थंडीत तो मरेल. फक्त हा प्राणी किती जगतो ते लक्षात घ्या, घरात २०-३० वर्षं सहज, आणि सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या बॉल पायथनने २०२० मध्ये निदान ६२ वर्षांची असताना अंडी घातली होती. म्हणजे मुलाचं कॉलेज, नोकरी, लग्न सगळं होईल तरी लाडू असेल. चार वर्षं सांभाळायचा की नाही हे एका चाव्यावर ठरवू नका.

मुलाला सांगा. आज सांगा. तो रागावणार नाही, घाबरेल, मग पंचवीस प्रश्न विचारेल, आणि तुम्हाला त्याच्याकडूनच कळेल की तो लाडूला उचलायच्या आधी काय करायचा. व्हिडिओ कॉल लावून टँकसमोर ठेवा, पहिल्या एक-दोन वेळा तो तिकडून बघेल आणि तुम्ही इकडून नळी घेऊन उभ्या राहाल. थँक्सगिव्हिंगला येईल तेव्हा त्याच्या हातून नाही, तुमच्या हातून खायला घाला, त्याला फक्त शेजारी उभं करा. तोवर उद्या सकाळी पेपर टॉवेलची नळी बाजूला काढून ठेवा, आणि लांब चिमटा आजच ऑर्डर करा.